सकाळी काय खाल्लंस?

आज सकाळी जिममध्ये एक पोरगा जवळ आला. 19 वर्षांचा, मालवणातल्या दांडीकडचा. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "काका, कोर्स करूचो आसा. टेस्ट घेव काय डेका?" कोर्स म्हणजे अंग वाढवायला घेतात ती स्टेरॉइडची इंजेक्शनं. टेस्ट म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे हॉर्मोन, डेका हे तसलंच दुसरं स्टेरॉइड.

किती महिने झाले जिमात? "चार." वजन? "अठ्ठावन." आणि सकाळी काय खाल्लंस?

"चाय नि बटर."

दुपार झाली तरी ते चाय-बटर डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. ह्याची आई बाजारात मासे विकते. पहाटे लिलावातली बांगड्यांची टोपली हाच डोक्यावरून आणतो. त्याच बांगड्यांच्या पैशातून तीन हजारांचा प्रोटीन पावडरचा डबा घेतो आणि मलाच विचारतो, "बांगड्यात काय आसता काका?" भात सोडलाय, कारण भाताने पोट सुटतं असं कोणीतरी सांगितलं. अरे, 58 किलोच्या पोराला कसलं पोट!

मला माझा आतेभाऊ आठवला. 2011 साली आम्ही दोघं एकाच जिममध्ये जायचो. त्याला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. तिथल्या ट्रेनरने सुई टोचली आणि वर डी-बोल ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. दहा आठवड्यांत 9 किलो वाढला. गणपतीत घरी आलेला प्रत्येक माणूस त्याच्या दंडाला हात लावून बघत होता. मीसुद्धा. "काय रे, केवढो झालंस!" हे शब्द माझेच होते.

शिमग्यापर्यंत सगळं उतरलं. राहिली ती निपलखालची गाठ. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, त्यातून पुरुषाच्या छातीतही ग्रंथी वाढते. एकदा ती घट्ट झाली की गोळ्यांनी जात नाही, कापूनच काढावी लागते. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. समुद्रात वाढलेला पोरगा तो, पण त्यानंतर मी त्याला शर्ट काढून पाण्यात उतरताना पाहिलेलं नाही. आजतागायत.

इंजेक्शनने अंग वाढतं का? वाढतं. व्यायाम न करताही थोडं वाढतं. मान्य. नाही म्हटलं तर पोरं आपल्याला खोटं ठरवतील आणि पुढचं ऐकणारच नाहीत.

पण बाहेरून हॉर्मोन आलं की मेंदू वृषणांना निरोप पाठवायचा थांबवतो. ती आपलं काम बंद करतात, आकसतात, शुक्रजंतू घटतात. कोर्स संपल्यावर ते परत सुरू व्हायला कित्येक महिने लागतात आणि काहींचं पूर्वीसारखं होतच नाही. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होऊ लागते. गोळ्या यकृताला त्रास देतात त्या वेगळ्याच. आणि स्नायू भराभर फुगले तरी स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा त्या वेगाने मजबूत होत नाहीत. आतेभावाने दहाव्या आठवड्यात 100 किलोचा बेंच (बाकावर आडवं पडून वजन वर ढकलायचं) मारायला घेतला आणि खांदा कायमचा दुखावून घेतला. मागे उभा राहून आकडे मोजणारा मीच होतो.

आज सगळ्यात जास्त राग त्या विकणाऱ्यांचा येतोय. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशी औषधं ही, आणि हे बॅगेतून काढून पोरांच्या हातात देतात. पोराला धड स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन उठबस, येत नाही, टाचा उचलतात, पाठ गोल होते, ते सुधारायला ह्यांना वेळ नाही. सुई टोचायला मात्र दोन मिनिटं आहेत! घरचा पोरगा असता तर टोचली असती का?

कोणी म्हणेल, स्टेजवर उतरणारे बॉडीबिल्डर घेतातच की. घेत असतील. त्यांनी आधी आठ-दहा वर्षं घाम गाळलेला असतो, आणि मोठ्या माणसाने रक्त तपासून, समजून-उमजून काय करायचं ते त्याचं तो जाणे. चार महिने जिम केलेल्या पोराचा आणि त्याचा संबंध काय?

त्या पोराबरोबर बाकावर बसून हिशेब केला. किलोमागे 1.6 ग्रॅम प्रोटीन धरलं तर त्याला दिवसाला 93 ग्रॅम लागतं. चार अंडी, 24. मोठ्या दोन बांगड्यांचं मांस, 30 तरी. मूठभर सुके काळे चणे रात्री भिजत घालून, 10. अर्धा लिटर दूध, 16. झाले 80, उरलेलं आमटी-भातात येतं. आणि सकाळी उकड्या तांदळाची पेज, तीही पोटभर. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुके बांगडे आहेत, सोडे आहेत, कुळथाची पिठी आहे. ह्यातलं बहुतेक त्याच्या घरात आहे! तो बघत राहिला. कोणी त्याला हे कधी मोजून दाखवलंच नव्हतं. तिथे माझा राग जरा उतरला. पोरगा आळशी नाही हो, पहाटे चारला उठतो. पण रात्री एकपर्यंत मोबाईल बघतो. तीन तासांच्या झोपेवर कसलं अंग धरणार?

दोन वर्षं दे, म्हटलं. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, पुलअप. वही ठेव, आज 40 किलोचे आठ मारलेस तर पुढच्या वेळी नऊ मार. नवशिक्याचं अंग जेवढं पटकन वाढतं तेवढं पुन्हा कधी वाढत नाही. तो काळ सुईवर घालवलास तर तुझं अंग काय करू शकत होतं ते तुला कधी कळणारच नाही. पटलं की नाही माहीत नाही. जाताना एवढंच म्हणाला, "आवशीक सांगू नको."

नाही सांगणार. पण उद्या सहा वाजता त्याला रॅकपाशी बोलावलंय. नुसता रॉड घेऊन सुरुवात करणार आहे. वहीच्या पहिल्या ओळीत वजन लिहायचं नाही, सकाळी काय खाल्लं ते लिहायचं.

मघाशी आतेभावाला फोन केला. विचारलं, त्या पोराशी जरा बोलशील? छातीचं, खांद्याचं, सगळं सांगशील? बराच वेळ गप्प होता. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "फाल्या येतंय." उद्याच.