पत्रिका न घेता कुणाच्या घरी जाता येत नाही का?

सर्वांना सलाम.

आज झावळ्यांचा रविवार, म्हणजे पाम संडे. खरं तर लेकरांचे झावळ्या घेतलेले फोटो टाकायचे होते. पण उपासनेनंतर तरुण संघाच्या बैठकीत बसले आणि तेव्हापासून डोकं तापलंय. जेवणही नीट गेलं नाही.

झालं असं. आपल्या गावात बदलीवर एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांपैकी (ज्यूंपैकी), कुटुंब आलंय. मूळचे अलिबागकडचे, मधे बरीच वर्षं पुण्यात. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजोबा. कुठे राहतात ते इथे लिहीत नाही, कुणी विचारूही नका. तर तरुण संघाचा बेत असा : येत्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये ‘वल्हांडणाचं भोजन’, म्हणजे यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं जेवण, करून दाखवायचं, या कुटुंबाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं, आजोबांकडून हिब्रू प्रार्थना म्हणवून घ्यायची, ते सगळं फेसबुकवर लाइव्ह करायचं, आणि निघताना भेटीच्या पिशवीत सुवार्तापत्रिका, म्हणजे येशूवर विश्वास ठेवा असं सांगणारी छापील पानं. पत्रिका छापूनसुद्धा झाल्यात. मी काही बोलायच्या आत एक मुलगा, खरंच गुणी मुलगा आहे, मला म्हणाला, “काकू, मैत्री म्हणजे अजून काय असते?”

अजून काय असते ते सांगते.

आम्ही रेल्वे लाइन्समध्ये राहायचो. पप्पा रेल्वेत क्लार्क. आमच्या भिंतीला भिंत लागून एक बेने इस्रायल आजी. त्यांचे यजमान गार्ड होते, ते गेल्यावर आजी मुलाजवळ राहायच्या, मुलगाही रेल्वेतच. नऊवारी लुगडं, आमच्यापेक्षा चांगली मराठी, बोलण्यात कोकणी हेल. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्यांचा दिवा लागायचा आणि शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही, एवढंच आम्हा पोरांना माहीत. दाराच्या चौकटीला एक लहानशी नळी तिरपी ठोकलेली असायची. आत-बाहेर करताना आजी तिला बोटं लावून ओठांना लावायच्या. मीही लावायचे. कधी रागावल्या नाहीत.

साल १९७४. मी दहा वर्षांची. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची उपासना, मंडप क्वार्टर्सच्या मैदानात, कर्णा खांबावर. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. येशूनं क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांपैकी पहिल्यावरच ते तापले, आणि माइकवर सारखं एकच : यहुद्यांनी प्रभूला मारलं, यहुद्यांनी खिळलं, त्या रक्ताचा शाप अजून त्यांच्या लेकरांवर आहे. मी मंडपाच्या कडेला बसले होते, तिथून आमची क्वार्टर दिसायची. आजींची खिडकी बंद झालेली मी पाहिली. एप्रिलमधली सोलापूरची दुपार तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता, आणि शनिवारचा स्वयंपाक शुक्रवारीच उरकायचा असतो. त्या खिडकी लावून आत चुलीपुढे बसल्या होत्या.

आणि उद्गारांमधला पहिला कोणता? “हे बापा, त्यांना क्षमा कर.” त्याच वचनावर हे भाषण!

रविवारी मी आजींकडे गेले. त्या वाल सोलत बसल्या होत्या, बिरड्यासाठी. मी सरळ विचारलं, “आजी, तुम्ही येशूला मारलं का?”

त्यांनी हातातला दाणा सोलून संपवला. म्हणाल्या, “तेव्हा आमची माणसं कोकणात घाण्याला बैल जुंपून तेल गाळत होती गं बाळा.” मग सूप माझ्याकडे सरकवलं. “हे घे. सोल.”

एवढंच. पन्नास वर्षं झाली, ते सूप डोळ्यांपुढून हलत नाही.

आता कुणी म्हणेल, काकू, एका उपदेशकाची चूक तुम्ही सगळ्या मंडळीच्या माथी मारता. एकाची कशी? रोमन कॅथलिक मंडळीनं १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, लिहून जाहीर केलं की येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर घालता येत नाही, आजच्यांवर तर नाहीच. त्यानंतर नऊ वर्षांनी आमच्या कर्ण्यावर हे चाललं होतं. आपण प्रॉटेस्टंट फार मान वर करून बसायला नको. ज्या मार्टिन ल्यूथरचं नाव आपण अभिमानानं घेतो, त्यांनीच १५४३ मध्ये यहुद्यांची सभास्थानं जाळा असं लिहून ठेवलंय. युरोप लांब वाटत असेल तर गोवा घ्या. गार्सिया द ओर्ता, एवढा मोठा वैद्य, आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये गोव्यात ग्रंथ छापणारा. त्याला मरून बारा वर्षं झाल्यावर, १५८० मध्ये, हा आतून यहूदीच होता म्हणून इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली. हाडं! इतकं सगळं मागे असताना आपण पिशवीत पत्रिका घालून देणार, आणि त्यांनी ती हसत घ्यायची?

साक्ष देणं ही आपल्याला आज्ञा आहे, मान्य. पण जेवायला बोलावलेल्या माणसाच्या पिशवीत न सांगता सरकवा, असं कुठल्या वचनात आहे ते दाखवा.

हेही मान्य करते की मिशनरींचं या समाजावर ऋण आहे. जॉन विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं, मिशनच्या शाळांमधून बेने इस्रायलांची मुलं शिकली. आजींची आजीसुद्धा मिशनच्या शाळेतली. पण ती मुलं शिकली आणि आपल्या मशिदीत परत गेली. हो, मशीदच. त्यांच्या सभास्थानाला ते मराठीत मशीदच म्हणायचे. मुंबईतलं पहिलं १७९६ चं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. अठराशे वर्षं म्हणा, दोन हजार वर्षं म्हणा, किती म्हणून हिशेब करायचा, एवढ्या काळात ज्यांनी शनिवार सोडला नाही, गावानं ‘शनवार तेली’ नाव ठेवलं तरी सोडला नाही, त्यांच्या घरात आपण चार पानांची पत्रिका घेऊन शिरणार?

माझा राग खरं तर गुरुवारच्या कार्यक्रमावर जास्त आहे. यंदा त्यांचा सण आणि आपला पवित्र सप्ताह लागूनच आलेत. म्हणजे ऐन सणात त्यांना आपल्या हॉलमध्ये आणून बसवायचं आणि त्यांचाच सण त्यांना करून दाखवायचा. कुणी त्यांना विचारलं का, तुमच्याकडे या सणाला काय म्हणतात? आपल्या बायबलमधला ‘वल्हांडण’ शब्द आजींच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. त्या म्हणायच्या, अनाशी ढाकायचा सण. तशीच बाकीची नावं : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, आणि योम किप्पूरला दारफळणी, म्हणजे दारं लावून घेऊन उपास. किती मराठी नावं आहेत ही! सणाच्या आधी घराला चुना लागायचा आणि कल्हईवाला सगळ्यात जास्त वेळ आजींच्या दारात बसायचा. तांब्याचं एकूण एक भांडं चकचकीत. आम्ही पोरं त्या धुरात तासन् तास उभी. सण मला असा कळला, स्टेजवर नाही.

‘यहूदी’ हा शब्दही त्या घरात नव्हता. ते स्वतःला इस्रायल म्हणायचे. म्हणून तर कर्ण्यावरचे यहूदी आणि शेजारच्या आजी एकच, हे मला कळायला खिडकी बंद व्हावी लागली.

त्या रविवारचं पुढचं राहिलंच. मी आजींना काय विचारलं ते घरी सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. पप्पा न बोलता उठले, चप्पल घातली, शेजारी गेले. मी मागोमाग. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, “परवा आमच्या माणसानं माइकवर जे बोललं ते चुकीचं होतं. मी तिथंच बसलो होतो. उठलो नाही.” आजी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आत या. चहा टाकते.”

पप्पा त्यानंतर कमिटीत भांडले. शब्द काही बदलले नाहीत, पण पुढच्या वर्षी कर्ण्याचं तोंड स्टेशनकडे झालं. तरी उत्तम शुक्रवारी आजींची खिडकी बंदच असायची. १९७७ मध्ये ते सगळे इस्रायलला, लोदला गेले, तोपर्यंत. मी दर वर्षी बघायचे.

आई मात्र कमिटीत नव्हती, तिनं तिचं केलं. एक पातेलं वेगळं ठेवलं. त्यात आमच्या घरचं मटण कधी शिजलं नाही, दूधही तापलं नाही. मटण आणि दूध त्यांच्यात एकत्र चालत नाही, म्हणून त्यांचा रस्सा नारळाच्या दुधातला. नाताळच्या करंज्या आई आजींना विचारून, त्या सांगतील त्याच तेलात तळायची, आणि त्या पातेल्यातून जायच्या. नव्याच्या सणाला पलीकडून चिकाचा हलवा यायचा. आईला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं विचारलं होतं, बस्स. लोदला जाताना आजींनी ते पातेलं मागून नेलं.

हे लिहिताना आता राग जरा ओसरलाय. मुलं वाईट नाहीत. मोबाइलवर जे बघतात ते त्यांना खरं वाटतं. कुणी इस्रायलचा झेंडा चर्चमध्ये लावतो आणि शेवटच्या दिवसांचा हिशेब मांडतो, कुणी गाझाचे व्हिडिओ टाकून त्या आजोबांनी उत्तर द्यावं म्हणतो. गाझातली लेकरं बघून मलाही झोप येत नाही. पण पुण्याहून बदलीवर आलेल्या माणसाला तुम्ही जिन्यात गाठून याचा जाब विचारणार? आपल्याला कुणी गोव्यातल्या पोर्तुगिजांचा जाब विचारला तर?

२०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात ज्यू पाच हजारही भरले नाहीत. महाराष्ट्रानं त्यांना २०१६ मध्ये अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. ते आपल्यात मिसळत नाहीत, ही तक्रार आज बैठकीत झाली. थोडी खरी असेल. पण त्यांच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. सोलापुरात ते दहा आजोबांना कुठून मिळायचे? आपल्याला वाद्यवृंदाला माणसं कमी पडली तर केवढी हळहळ होते. त्यांना कुणी विचारलं का, आजोबांना सणाला पुण्याला जायचं असेल तर गाडी लागेल का? माझ्या भाच्याची गाडी उभीच असते. आणि काही बोलवायचंच असेल तर शनिवारी ठेवू नका, एवढं तरी.

आत्ताच, हे लिहिता लिहिता, त्या मुलाचा फोन आला. पत्रिका पिशवीत टाकणार नाहीत. कार्यक्रम मात्र होणार म्हणे, हॉल ठरलाय. कुटुंबाला बोलवायचं की नाही यावर वाद चालू आहे. मी सांगितलं, बोलवू नका. आणि पाळकसाहेबांनाही आज रात्री फोन करणार आहे, शुक्रवारी पहिल्या उद्गारावर कोण बोलणार ते विचारायला.

मी स्वतः सण झाल्यावर त्यांच्याकडे जाणार आहे. सुनेशी जिन्यात दोनदा बोलणं झालंय, फोन करून वेळ विचारीन. महिला मंडळातल्या कुणाला यायचं असेल तर दोघी-तिघीच या. हात हलवत या. नारळ मी घेते, न फोडलेला.