शाळेची वर्षं वाया जातात? एका व्हायरल दाव्याचा प्रतिवाद

गेली काही वर्षं थोड्याफार फरकाने एकच मजकूर सगळीकडे फॉरवर्ड होतो आहे. त्याचं सार असं: सक्तीचं शालेय शिक्षण म्हणजे मुलांच्या आयुष्यातल्या दहा-बारा वर्षांची उधळपट्टी. शिकवतात ते पुढे लागत नाही, लागतं ते शिकवत नाहीत. परीक्षा झाली की सगळं विसरतं. माहिती आता मोबाइलवर आहे. मोठी माणसं शाळा सोडूनच मोठी झाली. शाळा निघाल्याच कारखान्यांना आज्ञाधारक कामगार पुरवायला. प्रमाणपत्र हा नुसता शिक्का आहे आणि सक्ती हा अन्याय.

हे वाचून माना डोलावणारे बहुतेक जण स्वतः पूर्ण शाळा शिकलेले असतात. मुलाला शाळेत ठेवायचं की कामाला लावायचं हा प्रश्न ज्या घरात आजही खरा आहे, तिथेही हा मजकूर पोचतो. म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही.

“पायथागोरस आयुष्यात एकदा तरी वापरलात का?” बहुतेकांनी नसेल वापरला. पण हा हिशोब चाळिशीत बसून मागे वळून केलेला आहे. तेरा वर्षांची मुलगी पुढे नर्स होणार, सर्व्हेअर होणार की वकील, हे तिलाही माहीत नसतं आणि तिच्या आईवडिलांनाही. कोणतं दार पुढे लागेल ते कळत नाही, तोवर सगळी उघडी ठेवायची, एवढ्यासाठीच शिक्षण सर्वसाधारण असतं.

“त्यापेक्षा कर्ज आणि व्याज शिकवा” हे याच मुद्द्याला जोडून येतं. घ्या, व्याजच घेऊ. कर्ज देणारा म्हणतो: वर्षाला १२ टक्के फ्लॅट, १२ समान मासिक हप्ते. ऐकायला स्वस्त वाटतं. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत मूळ रकमेवर मोजलेलं असतं. वर्षभराचा हिशोब धरला तर तुमच्या हातात सरासरी निम्म्याहून जेमतेम जास्त रक्कम राहते. म्हणजे खरा दर २१ टक्क्यांच्याही पुढे जातो. हे ओळखायला वेगळा विषय काढावा लागत नाही, टक्केवारी आणि सरासरी पक्की लागते. ज्याची ती कच्ची, त्याला कर्जावरचा तास घेऊनही हा दर दिसणार नाही.

“शिकलेलं सगळं विसरतो.” यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच हा मुद्दा घातक आहे. विसरण्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने केला आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. विसरण्याचा उतार किती तीव्र असतो हे त्याने दाखवलं, तेवढंच लोक सांगतात. दुसरी गोष्ट गाळतात: जे आठवत नाही ते पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. पन्नाशीत मुलाच्या गणिताच्या वहीत डोकावणाऱ्या आईला अर्ध्या तासात समीकरणं परत जमायला लागतात ती त्यामुळे.

पुढे १९९१ मध्ये बारिक आणि हॉल या मानसशास्त्रज्ञांनी शाळेतलं बीजगणित वर्षानुवर्षांनी किती उरतं ते तपासलं. ज्यांनी बीजगणितानंतर कॅल्क्युलस किंवा त्यापुढचं गणित घेतलं होतं, त्यांना ते सरावाशिवायही जवळपास पन्नास वर्षं टिकलं होतं. बीजगणितात तितकेच चांगले गुण मिळवून जे तिथेच थांबले, त्यांचं मात्र हळूहळू जवळजवळ सगळं गेलं. एकच गोष्ट काही वर्षं पुन्हा पुन्हा हाताखालून गेली की मुरते, असं यातून दिसतं. म्हणजे घोकून परीक्षा उरकण्यावरचा राग रास्त आहे. पण त्या रागातून शाळेची वर्षं कमी करा असा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो.

आणि तपशील गेला तरी मागे काही उरतं का? नॉर्वेने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सक्तीचं शिक्षण ७ वर्षांवरून ९ वर्षांवर नेलं, तेही सगळीकडे एकदम नाही, एकेका नगरपालिकेत वेगवेगळ्या वर्षी. त्यामुळे शेजारच्या गावांतली जवळपास सारखीच मुलं ताडून बघता आली. लष्करभरतीच्या वेळी, १९ व्या वर्षी, या तरुणांची बुद्धिमापन चाचणी होत असे. शाळेच्या एका जादा वर्षामागे बुद्ध्यांकात सुमारे ३.७ गुणांची वाढ दिसली. ही मुलं हौसेने थांबलेली नव्हती, कायद्याने थांबवलेली होती. म्हणून मला हा पुरावा फार वजनदार वाटतो.

“सगळं इंटरनेटवर आहे.” या मुद्द्यापाशी जास्त थांबायला हवं, कारण भलेभले शिकलेले लोकही इथे फसतात. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघी संशोधकांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. समोर मैदानाची छोटी प्रतिकृती आणि लाकडी खेळाडू ठेवले: वाचलंत ते हलवून दाखवा. वाचनात हुशार मुलं होती, कच्चीही होती. बेसबॉल कळणारी होती, न कळणारीही. कच्चं वाचणाऱ्या पण खेळ कळणाऱ्या मुलांनी लाकडी बाहुले बऱ्यापैकी बरोबर हलवले. वाचनात तरबेज पण खेळाबद्दल अडाणी असलेली मुलं त्यांच्या कितीतरी मागे राहिली. शब्द सगळ्यांसमोर तेच होते.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सर्च बॉक्समध्ये काय टाइप करायचं, आलेल्या दहा उत्तरांपैकी कोणतं खुळचट आहे, लेखातल्या ‘प्रतिजैविक’ किंवा ‘महागाई दर’ या शब्दामागे काय दडलंय, हे आधी थोडंफार माहीत असलेल्यालाच कळतं. इतिहास, विज्ञान, भूगोल असं थोडं थोडं शिकवण्यावर हसणाऱ्यांना स्वतःच्या डोक्यातला हा साठा दिसत नाही, कारण तो रोज वापरून अंगवळणी पडलेला असतो.

शाळेऐवजी इंटरनेट हा प्रयोग २०२० मध्ये नाइलाजाने होऊनही गेला. नेदरलँड्समध्ये शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या आणि घरोघरी वेगवान इंटरनेट होतं. तरीही परीक्षांमध्ये नुकसान दिसलं, साधारण शाळा बंद राहिल्या तेवढ्याच काळाचं. म्हणजे घरी बसून शिकणं जवळपास झालंच नाही. आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांचं नुकसान इतरांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त होतं.

“गेट्स, झुकरबर्ग, आइन्स्टाइन.” पहिल्या दोघांनी शाळा नाही, हार्वर्ड सोडलं. गेट्स यांना संगणकाचं टर्मिनल १९६८ मध्ये मिळालं तेच शाळेत. आइन्स्टाइन यांनी म्युनिकची शाळा सोडली हे खरं. पण १८९५ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत गणित-भौतिकशास्त्रात चमकूनही ते सर्वसाधारण विषयांत अडकले, आराउच्या शाळेत गेले, तिथे शालेय शिक्षण पूर्ण केलं आणि १८९६ मध्ये झुरिकला प्रवेश मिळवला.

“शाळा कारखान्यांसाठी निघाल्या.” प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा फ्रेडरिक याने सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम १७६३ मध्ये काढला, तेव्हा वाफेच्या गिरण्यांचं युग सुरू व्हायचं होतं. त्याला धर्मभीरू, आज्ञाधारक प्रजा हवी होती, यात शंका नाही. पण कारखानदारांना मुलं शाळेत नको होती, यंत्रांवर हवी होती. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि ९ ते १३ वयाच्या मुलांना रोज दोन तास शाळेत पाठवणं बंधनकारक केलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांत गिरणीमालक पुढे होते.

शिक्क्याचा मुद्दा अर्थशास्त्रज्ञांनीच मांडलेला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की शिक्षणाने कौशल्य वाढलं नाही तरी मालकाला ते हुशारीची खूण म्हणून चालतं. पगारातला काही फरक असाच पडतो. पण नुसता शिक्काच असता, तर नॉर्वेच्या मुलांचे चाचणीतले गुण वाढायचं कारण नव्हतं. त्या चाचणीत प्रमाणपत्र कोणी विचारत नाही.

उरली सक्ती. माझ्या मते सगळा वाद इथेच आहे. मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कंटाळलेला, कल्पक मुलगा आहे, ज्याला मोकळं सोडलं तर तो प्रोग्रॅम लिहील, चित्रं काढेल. असा मुलगा असतो आणि त्याचा कोंडमारा खरा आहे. त्याला जास्त मोकळीक देणारी शाळा मिळालीच पाहिजे. पण कायदा मुख्यतः बांधतो तो मोठ्यांना: मुलाच्या श्रमावर डोळा असलेल्या मालकाला, मुलीचं लग्न उरकायला निघालेल्या नातेवाइकांना. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे १३.८ कोटी मुलं बालमजुरीत होती. शाळेतून सुटका झाली की मोकळा वेळ मिळतो तो थोड्यांना. बाकीच्यांचा वेळ दुसरंच कोणीतरी घेऊन टाकतं.

तुर्कस्तानने १९९७ मध्ये सक्ती ५ वर्षांवरून ८ वर्षांवर नेली. मुली वर्गात टिकल्या आणि किशोरवयातली लग्नं नि बाळंतपणं कमी झाली. फिनलंडने १९७० च्या दशकात मुलांची वेगवेगळ्या शाखांत वाटणी ११ व्या वर्षाऐवजी १६ व्या वर्षी करायचं ठरवलं, तोवर सगळ्यांना एकच सर्वसाधारण शाळा. बापाच्या कमाईवरून मुलाची कमाई ठरण्याचं प्रमाण त्यानंतर सुमारे २३ टक्क्यांनी घटलं.

सक्ती उठवा म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं: ऐच्छिक शाळेला ‘नको’ म्हणायचा अधिकार त्या तेरा वर्षांच्या मुलीकडे असेल, की तिच्या वतीने तिच्या घरातलं दुसरंच कोणी तो वापरेल?