21 टनांची पोलादी खोली

माणसाला आत बसवायचं, दार लावून घ्यायचं. अणुस्फोटातून पसरणारा किरणोत्सर्गी पदार्थ सीझियम-137 अंगात गेला की त्यातून निघणारे गॅमा किरण सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर आदळले की बारीक चमक उठते, त्या चमका मोजायच्या. बाहेरच्या किरणांनी हिशेब बिघडू नये म्हणून भिंती जाड पोलादाच्या. अशी 21 टनांची अख्खी खोली अमेरिकेने जहाजावर चढवून पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांतल्या रोंगेलापला नेली होती.

त्याआधी काय झालं, तर 1 मार्च 1954 ला अमेरिकेने मार्शल बेटांतल्याच बिकिनीवर 'ब्राव्हो' हायड्रोजन बॉम्ब फोडला. 15 मेगाटन, म्हणजे अंदाजाच्या दुपटीहून जास्त. काही तासांनी रोंगेलापवर प्रवाळाची किरणोत्सर्गी पांढरी भुकटी पडू लागली. पोरं तिच्यात खेळली. लोकांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. 1957 मध्ये 'आता राहायला हरकत नाही' म्हणून त्यांना परत नेलं. पुढच्या वर्षीच्या अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या अहवालात चक्क लिहिलंय की हे लोक बेटावर राहिल्याने माणसांतल्या किरणोत्सर्गाची अत्यंत मौल्यवान माहिती मिळेल.

मौल्यवान! मी तिथेच अडकलो.

मोजायला माझा विरोध नाही. उलट मोजलंच पाहिजे. सीझियमला ना रंग, ना वास, ना चव. यंत्राशिवाय कळणार कसं? डॉक्टर दरवर्षी येत, 1963 पासून थायरॉइडच्या गाठी सापडू लागल्यावर शस्त्रक्रियाही झाल्या, हेही खरं. बिकिनीवर 1968 नंतर परतलेल्यांच्या अंगातलं सीझियम वाढताना दिसलं म्हणून तर 1978 मध्ये त्यांना पुन्हा उठवलं. म्हणजे आकडा कामाला येतो. पण तो कोणाच्या वहीत जातो? ज्याच्या रक्तालघवीतून काढला, त्याला शेवटपर्यंत 'जरा बसा, झालं' एवढंच ऐकू येत असेल तर त्याला तपासणी कसं म्हणायचं? आपल्या बैलाचं वजन करतानाही मालकाला आकडा सांगतात हो.

रोंगेलापकरांचा विश्वास इतका उडाला की 1985 मध्ये त्यांनी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या 'रेनबो वॉरियर' जहाजातून घरंदारं उचलून बेट सोडलं.

आता शेतकरी मित्रांसाठी. तिथलं सीझियम पोटात जातं मुख्यतः नारळातून. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम अगदी कमी, आणि झाडाला सीझियम पोटॅशियमसारखंच वाटतं, म्हणून ते ओढून घेतं. उपाय काय सापडला? पोटॅश! आपण उसाला, केळीला घालतो तेच. ते टाकलं की नारळातलं सीझियम कितीतरी उतरतं.

1999 मध्ये रोंगेलापवर अंगातलं सीझियम मोजणारं नवं यंत्र बसलं. ते चालवायला मार्शलीज, म्हणजे तिथलेच, तंत्रज्ञ. खुर्चीतून उठलेल्या माणसाला त्याचा आकडा त्याच्याच भाषेत समजावून सांगता येऊ लागला. पहिल्या भुकटीनंतर 45 वर्षांनी.