दोष नियतीचा की क्रेऑनचा?
सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या प्राचीन ग्रीक शोकांतिकेतील तिन्ही मृत्यूंचे खापर नियतीवर फोडणारी, या नाटकावरील लेखातील मांडणी मला पटत नाही. राजा क्रेऑनची बंदी मोडून अँटिगनी आपला भाऊ पॉलिनायकीस याच्या प्रेताला मूठमाती देऊ पाहते, म्हणून तो तिला गुहेत कोंडतो. अंध भविष्यवेत्ता टायरेसियसच्या इशाऱ्यानंतर क्रेऑन नरमतो, तेव्हा वृद्धांचा कोरस (नाटकात भाष्य करणारा समूह) त्याला आधी गुहेत कोंडलेल्या मुलीला सोडवण्यास आणि मग प्रेताला मूठमाती देण्यास सांगतो. प्रत्यक्षात मात्र क्रेऑन आधी पॉलिनायकीसचे अंत्यसंस्कार उरकतो आणि गुहेपाशी पोहोचेपर्यंत अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. तिचा वाग्दत्त वर व क्रेऑनचा मुलगा हेमॉन आणि क्रेऑनची पत्नी युरिडिसी यांचे मृत्यू त्यातूनच ओढवतात. अँटिगनी हट्टी आहे, हे मान्य. पण शिक्षा फर्मावण्याचा आणि ती मागे घेण्याचा अधिकार एकट्या क्रेऑनकडे होता. (दोष आपलाच असल्याची कबुली अखेरीस तो स्वतःच देतो.) कोरसलाही मी पूर्णपणे निर्दोष मानणार नाही, कारण इतका शहाणा सल्ला त्याला फारच उशिरा सुचला.