जगलो असतो तर खर्च झाला असता

'मेट्रो 2033' हा व्हिडिओ गेम कीव्हमधल्या मंडळींनी 2010 साली काढला, पण छळ चालू आहे माझा. अणुयुद्ध होऊन गेलंय, उरलेली माणसं मॉस्कोच्या मेट्रो स्टेशनांत राहतात आणि तिथे नोटांना कुणी हिंग लावून विचारत नाही. चलन एकच, युद्धापूर्वीची अस्सल लष्करी काडतुसं. गॅस मास्कचा फिल्टर घ्या की बंदूक, काडतुसं मोजून द्यायची.

इथवर ठीक होतं. पण हीच काडतुसं बंदुकीतही चालतात, आणि बोगद्यात हाताने बनवलेल्या गावठी मालापेक्षा जास्त जोरात लागतात. म्हणजे समोर राक्षस आला की जीव वाचवायचा की पैसे, हे तुम्ही ठरवायचं. ते ठरेपर्यंत राक्षस थांबत नाही.

हॉटेलात मेनूकार्ड उजवीकडून वाचणाऱ्या माणसाने ऑफिसातून दमून आल्यावर करायची ही करमणूक नव्हे. रीलोडचं बटण दाबून धरलं की गावठी माल निघून अस्सल भरला जातो. माझं बोट तिथे जातं आणि थबकतं. मागून चिरंजीव ओरडतात, "बाबा, मार ना!"

"थांब रे, गावठी उरलीत का बघतो."

त्यातल्या त्यात हेल्सिंग नावाची बंदूक बरी. हवेच्या दाबावर बाण सोडते. सायकलच्या पंपासारखी हवा भरत बसावं लागतं, पण हवेला पैसे पडत नाहीत. शिवाय बाण मेलेल्या राक्षसातून उपसून परत वापरता येतो. एका बाणासाठी मी चालू लढाईत मागे फिरलोय. (आमच्या घरात रबरबँडही टाकत नाहीत.)

स्टेशनावर भिकारी हात पसरतात. त्यांना काडतूस दिलं की गेम गुपचूप पुण्य जमा करतो आणि पुढे शेवट बदलायला ते कामी येतं. व्याज बरं असल्यामुळे तिथे मी सढळ आहे.

परवा नोसालिस नावाच्या राक्षसांच्या टोळीने अंधारात घेरलं. दात, नखं, सगळं एकदम अंगावर. गावठी माल संपला, खिसा अस्सलने फुगलेला, आणि मी मेलो.

"एवढे पैसे असून मेलास?" चिरंजीव.

"मागच्या चेकपॉइंटला पुन्हा जिवंत झालो तेव्हा सगळे परत मिळाले ना? एक काडतूस कमी नाही. जगलो असतो तर गेले असते."