वीस वॅटचा अपमान

काल मुंबईत बोटीच्या सामानाच्या एका दुकानात एका अनोळखी गृहस्थांनी मला ‘बल्बवाले’ म्हटलं आणि दुकानदार हसला. गृहस्थांना मी माफ केलंय. दुकानदाराला अजून नाही.

कारण साधं होतं. मेव्हण्याची २८ फुटी फायबरची बोट गेटवेसमोर बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असते आणि रविवारी मांडव्याला जाते. थंडीतल्या सकाळी समोर धुरक्याची भिंत असते, म्हणून रडार हवं. पैसे त्याचे, अक्कल माझी, अशी वाटणी ठरली.

दुकानदाराने रडारचा १८ इंची पांढरा डोम काउंटरवर ठेवला. उपडं घातलेलं मोदकपात्रच. शेजारी सफारीतले एक काका गळका बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप, बदलून घ्यायला आले होते. त्यांच्या पिशवीतलं पाणी थेंबाथेंबाने माझ्या कोटेशनच्या दिशेने निघालं होतं.

“किती वॅटचा?” काकांनी विचारलं. मला नाही, डोमला.

“वीस,” मी म्हणालो.

“आणि तो वरचा?”

वर फळीवर जुन्या पद्धतीचा, मॅग्नेट्रॉनचा, म्हणजे लाट तयार करणाऱ्या नळीचा, डोम होता. “चार किलोवॅट.”

“म्हणजे चार हजार सोडून वीस घेताय? अहो, आमच्या संडासातला बल्ब चाळीसचा आहे.”

इथे गप्प बसायला हवं होतं. मी समजावायला गेलो. म्हटलं, काका, ते चार हजार वॅट जवळच्या पल्ल्यावर सेकंदाचा सव्वा कोटीवा भाग एवढाच वेळ असतात. सरासरी काढली तर एखाद-दुसरा वॅट. तो सुतळी बॉम्ब आहे. एकदा धाडकन वाजतो आणि प्रतिध्वनीची वाट बघत बसतो. वाजत असताना स्वतः बहिरा, त्यामुळे बोटीभोवतीचे पहिले पंचवीस-तीस मीटर कोरेच. शिवाय चालू केल्यावर मिनिट-दीड मिनिट तापायला लागतं, आणि काही हजार तासांनी मॅग्नेट्रॉन बदलायचा. नवा डोम लांब शिट्टी मारतो, तिचा सूर चढत जातो. परत आलेला सूर कुठल्या पट्टीतला, यावरून आतला संगणक अंतर काढतो. वीज कमी खातो आणि अगदी दहा मीटरवरचंही दाखवतो. बोयावर कुठे प्लग नसतो, सगळा जीव १२ व्होल्टच्या बॅटरीत. तिथे दीड अँपिअर आणि तीन अँपिअर यात फरक पडतो.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे शिट्टी.”

“हो.”

“किती पैसे?” दुकानदाराने आकडा सांगितला. “एवढ्यात आमच्या सोसायटीला वर्षभर वॉचमन येतो. तोही शिट्टीच मारतो.”

दुकानदार हसला तो इथे.

खरं तर नव्या डोमचीही एक खोड आहे. इतक्या हलक्या शिट्टीला काही जुने रेकॉन जागे होत नाहीत. रेकॉन म्हणजे रडारची लाट लागली की पडद्यावर मोर्सचं अक्षर उमटवून ‘मी इथे’ सांगणारी खूण. पण हे मी बोललो नाही. काकांना दारूगोळा कशाला पुरवा?

मग आली रेंज. याचा २४ सागरी मैल, शेजारच्या महागड्याचा ३६. काका म्हणाले, “छत्तीसच घ्या. पोराचं दप्तर आपण मोठंच घेतो.” आता रडारची लाट पृथ्वीच्या पाठीवरून वाकून किती जाणार? हिशेब पाटीवरचा आहे: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ, गुणिले २.२. छतावर, पाण्यापासून ३ मीटरवर डोम बसवला तर ३.८ मैल. समोरचा मचवा २ मीटर उंच असेल तर त्याचे ३.१. बेरीज जेमतेम ७. त्यापुढचा मचवा क्षितिजाखाली असतो. छत्तीस मैलांवर दिसला तर एखादा डोंगर.

विचारायचा तो प्रश्न कुणीच विचारत नाही: किरण किती रुंद? १८ इंची डोमचा साधारण ५ अंश, २४ इंचीचा ४. पाच अंश म्हणजे एक मैलावर १६० मीटर. तेवढ्या अंतरात दोन बोटी मध्ये जाळं ताणून चालल्या असतील तर पडद्यावर एकच जाडजूड ठिपका. छत पेललं तर २४ इंचीच घ्यावा. पण जाहिरातीत मैल मोठ्या अक्षरांत आणि अंश शेवटच्या पानावर, मुंग्यांच्या अक्षरांत.

एवढ्यात काकांनी पहिला शहाणा प्रश्न विचारला. “डोलीच्या जाळ्यांचे समुद्रात रोवलेले बांबू दिसतील?”

“नाही. ओला बांबू रडारची लाट फारशी परतवत नाही. समुद्राच्या उठलेल्या लाटांनी पडद्यावर केलेल्या कचऱ्यात तो हरवतो.”

“आणि जाळ्याचे प्लास्टिकचे कॅन?”

“तेही नाही.”

“मग घेताय कशाला?”

उत्तर होतं. मचवे, बार्ज, किनारा, पावसाची सर. पण तोवर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

दुकानदाराने मग खरी यादी काढली. पडदा त्याच कंपनीचा हवा. दुसऱ्याचा लावाल तर दोघांत अबोला. केबल वेगळी. बिनतारी डोम घेतला तरी विजेची तार लागतेच; बिनतारी ही फक्त बोलायची भाषा. केबलचं टोक केबलच्या दुप्पट जाड, त्यामुळे छताला भोकही त्या मापाचं, आणि पुढे गळती तुमची. तार बारीक वापरली तर इंजिनला स्टार्टर मारताच पडदा मान टाकणार. वेगात नाक वर काढणाऱ्या बोटीला डोमखाली पाचर हवी, नाहीतर समोरचं सोडून आकाश बघतो. समोरच्या बोटीचा माग ठेवून टक्कर होईल का हे सांगायचं तर दिशेचा सेन्सर वेगळा. होकायंत्रापासून मीटरभर लांब. परवान्याचे कागद वेगळे. हे सगळं वेगळं असेल तर त्या खोक्यात नक्की असतं काय?

मेव्हण्याला फोन लावला. काकांनी मागून खणखणीत आवाजात सांगितलं, “चार हजारवाला घ्या हो, हे बल्बवाले आहेत!”

मेव्हण्याने विचारलं, “ते कोण? त्यांना कळतं वाटतं यातलं.”

काकांना पंप फुकट बदलून मिळाला. माझं कोटेशन घरी उघडून पाहिलं तर त्यावर त्या पंपाचं पाणी पसरलं होतं. रेंजचे २४ मैल शाबूत आहेत, वॅटचा आकडा तेवढा पुसला गेलाय.