रीबेस की मर्ज, एकदाचं ठरवा ना!

डोकं फिरलंय नुसतं. आमची टीम गिटवर काम करते, गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. नवीन माणसाने ब्रँच, म्हणजे आपल्या कामाची वेगळी शाखा, कुठून काढायची, नाव काय द्यायचं, मेनमधले, म्हणजे मुख्य ब्रँचमधले, बदल आपल्या ब्रँचमध्ये मर्जने आणायचे (दोन्ही जोडून) की रीबेसने (आपलं काम उचलून मेनच्या टोकावर परत लावून), शेवटी स्क्वॉश करायचं, म्हणजे सगळे कमिट (बदलांच्या नोंदी) दाबून एकच करायचा, की नाही, एवढंच लिहायचंय कॉन्ट्रिब्युटिंग फाईलमध्ये, चार-पाच ओळींचं काम, आणि ते भिजत घोंगडं दिवाळीच्या आधीपासून पडलंय कारण आमच्या सीनियर मंडळींचं एकमत होत नाही!

एकाला हिस्ट्री सरळ रेषेत पाहिजे, म्हणजे बायसेक्ट, मागचे कमिट अर्धे-अर्धे करत बग कुठे आला ते शोधणं, सोपं जातं. दुसऱ्याला मर्ज कमिट पाहिजेत, म्हणजे कुठलं काम कधी आत आलं ते दिसतं. दोघांचंही म्हणणं खरंय, मला दोन्ही पटतं. पण मग कॉलवर तासभर तेच तेच, आणि शेवटी 'नंतर बोलू'. फाईल कोरीच.

आणि भोगतं कोण? नवीन आलेलं पोर.

परवा एका मुलीने पहिला पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल आत घ्या' अशी विनंती) टाकला. कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलीये, तारखेच्या फॉरमॅटचा छोटासा फिक्स, सोबत टेस्टसुद्धा लिहिलेली, जे आमचे जुने लोक पण करत नाहीत. पहिल्या साहेबांची कॉमेंट, 'मेनवर रीबेस कर.' बिचारी बसली करायला. रीबेसमध्ये एकेक कमिट परत लावला जातो त्यामुळे त्याच फाईलचा कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) पुन्हा पुन्हा येत राहिला, वर तिथे 'अवर्स' म्हणजे मेनचा कोड आणि 'देअर्स' म्हणजे आपला स्वतःचा, हे उलटं असतं ते तिला कोण सांगणार, तिने अवर्स निवडलं आणि तिचाच फिक्स गायब! रीफ्लॉगमधून, म्हणजे गिट ठेवतं त्या जुन्या हालचालींच्या यादीतून, मी तो परत काढून दिला. मग तिने फोर्स पुश केला, म्हणजे सर्व्हरवरची जुनी ब्रँच जबरदस्तीने बदलली, करावाच लागतो, रीबेसने कमिटचे हॅश (ओळख-नंबर) बदललेले असतात, साधा पुश रिजेक्ट होतो.

तेवढ्यात दुसरे साहेब उगवले. त्यांचा अर्धा रिव्ह्यू झाला होता, कॉमेंट्स आउटडेटेड झाल्या, म्हणून सगळ्यांसमोर लिहिलं, 'रिव्ह्यू चालू असताना फोर्स पुश कोण करतं? बेसिक शिकून ये आधी.' अरे पण तुमच्याच माणसाने सांगितलं ना तिला रीबेस कर म्हणून! आणि तिसऱ्याचं काय, तर ब्रँचच्या नावात तिकीट नंबर नाही. कुठे लिहिलाय हा नियम? कुठेच नाही, ह्यांच्या डोक्यात आहे.

रात्री तिचा मेसेज, 'ताई, मी काही मोडलं का? पीआर बंद करून टाकू का?' इतका संताप झाला माझा.

वर हेच लोक म्हणणार, नवीन मुलांना गिट येत नाही. अहो, गिट स्वतः हे ठरवत नाही. गिटच्या 2.33 व्हर्जनपासून तुमच्याकडे आणि सर्व्हरवर वेगळे कमिट असतील आणि कॉन्फिगमध्ये काही सेट नसेल तर गिट पुल (सर्व्हरवरचे बदल आणणारी कमांड) सरळ थांबतं आणि सांगतं, मर्ज की रीबेस ते तुम्हीच ठरवा. म्हणजे टीमनेच ठरवायला पाहिजे ना?

एक जण तर प्रत्येक कॉलला गिट-फ्लोची, म्हणजे ब्रँच कशा वापरायच्या त्या एका पद्धतीची, ती 2010 ची आकृती घेऊन येतो, डेव्हलप ब्रँच, रिलीज ब्रँच, हॉटफिक्स ब्रँच. ज्या व्हिन्सेंट ड्रीसेनने ती काढली त्यानेच 2020 मध्ये वर टीप टाकलीये की सतत डिप्लॉय करणाऱ्या (नवा कोड लगेच चालू करणाऱ्या) वेब ॲपवाल्यांनी गिटहब फ्लोसारखं (मेनवरून ब्रँच, मग पीआर, बस) साधं काहीतरी वापरा. आमचं वेब ॲपच आहे, मेनमध्ये गेलं की डिप्लॉय होतं, जुनी व्हर्जन्स सांभाळायची नाहीत. तरी ह्यांचं आपलं घोडं दामटणं चालूच.

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बघा, एकेका रिलीजला हजारावर लोक काम करतात, अजूनही ईमेलने पॅच (आपले बदल) पाठवतात, खाली साइन्ड-ऑफ-बाय (हा कोड द्यायचा मला हक्क आहे अशी सही) लागतं. कुणाला जुनाट वाटेल, पण सगळं लिहिलेलं आहे, नवीन माणूस वाचून पॅच पाठवू शकतो. आम्ही मूठभर लोक, आम्हाला एक पान जमत नाही.

त्या कॉन्ट्रिब्युटिंग फाईलचा मसुदा मी परत टाकलाय. ब्रँच मेनवरून काढा. मेनमधलं काही हवं असेल तर मर्ज करून घ्या. रिव्ह्यू सुरू झाला की फोर्स पुश नाही. शेवटी स्क्वॉश करून आत घेणार ते मेंटेनर, नवीन माणूस नाही. मेनची हिस्ट्री सरळच राहते, बायसेक्ट पण चालतं, रिव्ह्यूच्या कॉमेंट्स पण उडत नाहीत, मग अडलंय कुठे? रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) सेटिंगमध्ये मर्ज, स्क्वॉश, रीबेस असे तीन पर्याय आहेत, स्क्वॉश ठेवा, बाकी दोन टिक काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

ज्याला पटत नाही त्याने तिथेच त्याला हवी ती ओळ लिहून द्यावी, कॉलवर भाषण नको. शुक्रवारपर्यंत कुणी काही लिहिलं नाही तर मी मर्ज करून टाकणार. आणि यापुढे न लिहिलेल्या नियमावरून कुणी नवीन माणसाला झापलं, तर त्याच पीआरवर, सगळ्यांसमोर, मी उत्तर देणार आहे.